परवान्यावरील हँडगनचे कॅलिबर (महाराष्ट्र)

परवान्यावरील हँडगनचे कॅलिबर म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९ खाली खासगी व्यक्तीस बाळगता येणाऱ्या पिस्तुलाच्या अथवा रिव्हॉल्व्हरच्या नळीचे आणि त्यात चालणाऱ्या काडतुसाचे माप होय. परवान्यावर, पोलीस कागदपत्रांत आणि बोलीभाषेत यासाठी 'बोअर' हा शब्द रूढ आहे. अमेरिकेसारख्या देशांत नेमबाजीच्या छंदासाठी किंवा घराच्या रक्षणासाठी कोणते कॅलिबर घ्यावे, हा मुख्यतः ग्राहकाच्या पसंतीचा प्रश्न असतो. भारतात ही निवड आधी कायदा करतो, नंतर बाजार करतो आणि उरलेली खरेदीदाराच्या हाती येते. या लेखात महाराष्ट्रातील परिस्थितीचा आणि विशेषतः पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचा विचार केला आहे. या तालुक्यात शेतघरे, जमिनींचे व्यवहार, अभयारण्य आणि शहराची सीमा एकत्र आल्याने या विषयाचे बहुतेक सर्व पैलू तेथे दिसतात.

'बोअर' या शब्दाचा घोळ

छऱ्याच्या बंदुकीत 'बोअर' हा आकडा नळीचा व्यास थेट सांगत नाही. एक पौंड शिशाच्या जितक्या सारख्या गोळ्या केल्या असता त्यातील एक गोळी नळीत नेमकी बसते, तितक्या बोअरची ती बंदूक. म्हणून १२ बोअरची नळी २० बोअरपेक्षा रुंद असते. पिस्तूल व रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र आकडा इंचाच्या शतांशात असतो. '३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर' म्हणजे प्रत्यक्षात ०.३२ इंचाचे, सुमारे आठ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचे शस्त्र. दशांश चिन्ह बोलताना गळून पडते आणि दोन वेगळ्या मोजपट्ट्या एकाच शब्दाखाली येतात.

याहून अधिक गंभीर गोंधळ '.३२' या एका आकड्यामागे आहे. रिव्हॉल्व्हरचे '.३२ स्मिथ अँड वेसन लाँग' हे काडतूस १८९६ मधले असून त्याच्या बुडाला बाहेर आलेली पूर्ण कडा असते. पिस्तुलाचे '.३२ एसीपी' हे जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ मध्ये तयार केलेले काडतूस आखूड असते आणि युरोपीय मापाने त्यास ७.६५ मिमी म्हणतात. दोन्ही गोळ्यांचा व्यास जवळपास सारखाच असला तरी काडतुसांची लांबी, कडा व दाब वेगळे आहेत. ती एकमेकांच्या जागी वापरणे धोक्याचे आहे. परवान्यावर केवळ '.३२' असे लिहिलेले असल्यास काडतुसे घेताना शस्त्राचा प्रकार स्पष्ट सांगावा लागतो. वर्तमानपत्रांतील गुन्हेवृत्तांत येणारी '७.६५' आणि '.३२' ही दोन मापे वेगवेगळ्या पिस्तुलांची आहेत, असा वाचकांचा समज होतो. पुष्कळदा ते एकच काडतूस असते.

निषिद्ध आणि अनिषिद्ध बोअर

ब्रिटिश राजवटीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याची जागा घेणारा शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांच्या जागी आता शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. कायद्याने सैन्य व पोलिसांच्या वापरातील काडतुसे नागरिकांसाठी निषिद्ध ठरवली. हँडगनपुरते पाहता १९६२ च्या यादीत .३८० व .४५५ ही कडा असलेली रिव्हॉल्व्हरची काडतुसे, सेनेचे ९ मिमी आणि .४५ चे कडा नसलेले काडतूस यांचा समावेश होता. ही काडतुसे ज्या शस्त्रात भरून उडवता येतात ते शस्त्र निषिद्ध बोअरचे ठरते. अशा शस्त्राचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देऊ शकत नाहीत. तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे.

यामागचा विचार गोळीच्या मारक शक्तीपेक्षा पुरवठ्याचा आहे. सरकारी कोठारातून चोरीस गेलेले काडतूस खासगी शस्त्रात चालू नये आणि खासगी बाजारातले काडतूस सरकारी शस्त्रात चालू नये, असा त्याचा रोख. म्हणूनच यादीत वरवर विसंगती दिसते. ९ मिमी निषिद्ध असताना त्याहून पुष्कळ जोरदार असलेले .३५७ मॅग्नम हे काडतूस अनिषिद्ध राहिले. 'निषिद्ध म्हणजे जास्त घातक' असे समीकरण त्यामुळे मांडता येत नाही.

नागरिकाच्या हाती उरणारी मापे मोजकी आहेत: .२२, .२५, .३०, .३२ आणि क्वचित .३५७. व्यक्तिगत हँडगनच्या परदेशातून आयातीवर विसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून कडक निर्बंध आहेत. त्यामुळे .२५ ची ब्राउनिंग, .३० ची माउझर किंवा .३५७ ची अमेरिकी रिव्हॉल्व्हरे भारतात आहेत ती जुनी, हातोहात विकली जाणारी आणि त्यांच्या गुणांच्या मानाने फार महाग. नव्याने परवाना मिळालेल्या सामान्य माणसासाठी निवड व्यवहारात .३२ वर येऊन थांबते.

बाजारात काय मिळते

स्वातंत्र्योत्तर काळात नागरी हँडगनचा पुरवठा मुख्यतः आयुध निर्माणी कारखान्यांनी केला. कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर हे त्यातील सर्वांत परिचित शस्त्र होय. मधोमध मोडून उघडणारी त्याची रचना वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरवरून घेतलेली असून त्यात सहा काडतुसे बसतात. जानेवारी २०१४ मध्ये कानपूर येथूनच 'निर्भीक' हे टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे .३२ रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आले. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचार प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर त्याचे नाव ठेवले गेले आणि सुमारे सव्वा लाख रुपयांच्या किमतीमुळे त्यावर टीकाही झाली. .२२ चे 'निडर' हे त्याहूनही हलके रिव्हॉल्व्हर नंतर आले. .३२ एसीपीचे 'अशनी' पिस्तूल कोलकाता परिसरातील सरकारी कारखान्यांतून येते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. शस्त्रे कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे गेली. तिने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' हे .३२ रिव्हॉल्व्हर आणले. त्याची काडतुसांची फिरकी बाजूला उघडते आणि परिणामकारक पल्ला ५० मीटर असल्याचे निर्माते सांगतात. दारूगोळा म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आला असून तिचे मुख्यालय पुण्यात आहे. १८६९ मध्ये स्थापन झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना तिच्याच अखत्यारीत आहे. नागरी काडतुसांच्या बुडावर दिसणारी 'केएफ' ही अक्षरे 'किर्की फॅक्टरी' या जुन्या नावाची आहेत. मुळशीतील परवानाधारकाच्या कपाटातले काडतूस त्याच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर तयार झालेले असण्याचा संभव त्यामुळे बराच असतो.

खासगी क्षेत्रात ब्रिटनच्या वेब्ली अँड स्कॉट या कंपनीने उत्तर प्रदेशातील हरदोई येथे भारतीय भागीदारासह .३२ रिव्हॉल्व्हरचे उत्पादन सुरू केले आहे.

मापांची तुलना

नळीतून बाहेर पडणाऱ्या गोळीची ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. खालील आकडे प्रचलित काडतुसांचे असून नळीच्या लांबीप्रमाणे त्यांत फरक पडतो. .२५ ची गोळी साडेतीन ग्रॅमहूनही कमी वजनाची असते व तिची ऊर्जा ८५ ते ९० ज्यूल भरते. .२२ लाँग रायफल या काडतुसाची ऊर्जा हँडगनमधून ११० ते १२० ज्यूलच्या आसपास असते. .३२ ची दोन्ही काडतुसे १६० ते १८० ज्यूलच्या पट्ट्यात येतात. त्यातही रिव्हॉल्व्हरची गोळी जड व संथ, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमची आणि सेकंदाला २३० मीटरच्या वेगाची असते. पिस्तुलाची गोळी साडेचार ग्रॅमची असून वेग सेकंदाला २७५ मीटरपर्यंत जातो. तुलनेसाठी, ९ मिमीची ऊर्जा ४५० ज्यूलच्या पुढे आणि .३५७ मॅग्नमची ७०० ज्यूलच्या आसपास असते.

या आकड्यांवरून .३२ हे दुबळे माप आहे, असा निष्कर्ष नेहमी काढला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील अनेक पोलीस दले ७.६५ मिमीची पिस्तुले वापरत होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते. हँडगनच्या कोणत्याही मापाची गोळी लागलेला माणूस चित्रपटातल्याप्रमाणे मागे फेकला जात नाही. इजा कोठे झाली यावर परिणाम अवलंबून असतो आणि ते गोळी चालवणाऱ्याच्या सरावावर ठरते. कमी धक्क्याचे शस्त्र नवख्या माणसाला लवकर आवरता येते, हा .३२ चा खरा गुण. याच मापाची रिव्हॉल्व्हरची गोळी सपाट तोंडाची करून आंतरराष्ट्रीय सेंटर फायर पिस्तूल स्पर्धांत वापरली जाते, कारण तिची अचूकता उत्तम आहे.

.२२ चे काडतूस सर्वांत स्वस्त, आवाज कमी आणि धक्का नाममात्र. सरावासाठी ते आदर्श आहे. मात्र त्याची ठिणगीची दारू बुडाच्या कडेत भरलेली असते आणि अशा काडतुसात न उडण्याचे प्रमाण मधल्या ठिणगीच्या काडतुसांपेक्षा अधिक असते. जिवावरच्या प्रसंगासाठी त्यावर भिस्त ठेवू नये, असे सांगतात ते मुख्यतः या कारणाने. .२५ चे पिस्तूल खिशात मावते, परंतु आखूड मूठ आणि आखूड नळी यामुळे त्याने नेम धरणे कठीण असते. त्याची काडतुसेही सहज मिळत नाहीत.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

.३२ ठरल्यावर खरा पर्याय शस्त्राच्या प्रकाराचा उरतो. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस उडाले नाही तर चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात वरची सरक मागे खेचून ते काढावे लागते, आणि अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत हे सरावाशिवाय जमत नाही. रिव्हॉल्व्हर भरलेले आहे की रिकामे हे ते उघडताच दिसते. पिस्तुलाचे मॅगझीन काढले तरी नळीच्या तोंडाशी एक काडतूस राहू शकते. 'रिकामे' समजून साफ करताना झालेल्या अपघातांत हे कारण वारंवार आढळते.

दुसऱ्या बाजूस, घोडा न चढवता रिव्हॉल्व्हरचा चाप ओढण्यास बराच जोर लागतो. संधिवात असलेल्या किंवा हातात ताकद कमी असलेल्या व्यक्तीचा नेम त्यामुळे ढळतो. त्याच व्यक्तीस पिस्तुलाची सरक ओढणेही जड जाते. सेवानिवृत्तीनंतर मुळशीतील बंगल्यात राहायला येणाऱ्या दांपत्यांच्या बाबतीत हा मुद्दा कॅलिबरपेक्षा महत्त्वाचा ठरतो, आणि घरातील दोघांपैकी परवाना एकाच्याच नावावर असतो हेही विसरता येत नाही. परवान्यावर नाव नसलेल्या व्यक्तीने ते शस्त्र बाळगणे कायद्याला मान्य नाही.

परवाना

शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये एक भेद केलेला आहे आणि निवडीवर त्याचा थेट परिणाम होतो. किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली छऱ्याची बंदूक संरक्षण किंवा क्रीडेसाठी मागणाऱ्या नागरिकास, नकाराचे कारण नसल्यास, परवाना द्यावा असे कायदा म्हणतो. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदास सरावासाठी हव्या असलेल्या .२२ रायफलीलाही हीच सवलत आहे. हँडगन मात्र 'अन्य शस्त्रां'त मोडते आणि तिच्यासाठी अर्जदाराकडे सबळ कारण असल्याचे परवाना प्राधिकाऱ्यास पटावे लागते. जिवाला असलेला धोका, व्यवसायाचे स्वरूप, राहण्याच्या जागेचा एकांत या बाबी त्यात तपासल्या जातात. केवळ हौस हे कारण पुरत नाही.

अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. पोलीस अहवाल, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आणि घरात कुलूपबंद साठवणुकीची व्यवस्था या गोष्टी २०१६ च्या नियमांनुसार आवश्यक आहेत. प्रत्येक परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात होऊन त्यास विशिष्ट क्रमांक मिळतो. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. नामांकित नेमबाजांना संख्येबाबत स्वतंत्र सूट आहे. त्याच दुरुस्तीने लग्न-मिरवणुकीत हवेत गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

एकूण संख्या दोनच असल्याने छंदासाठी .२२ आणि रक्षणासाठी .३२ अशी जोडी केल्यास १२ बोअरला जागा उरत नाही. वडिलोपार्जित बंदूक असलेल्या कुटुंबांना ही अडचण प्रकर्षाने जाणवते.

मुळशी तालुक्यातील परिस्थिती

मुळशी तालुक्याचे मुख्यालय पौड येथे आहे. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला भिडतो, तर पूर्वेकडील हिंजवडी, माण व मारुंजी ही गावे माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे शहराचाच भाग झाली आहेत. याचा एक परिणाम असा की, परवाना कोणाकडे मागायचा हे गावावर ठरते. पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीतील रहिवाशांचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. १५ ऑगस्ट २०१८ रोजी स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतील, उदाहरणार्थ हिंजवडीतील, रहिवाशांसाठी पोलीस आयुक्त हे प्राधिकारी आहेत. पुण्यात राहून मुळशीत केवळ शेतघर असलेल्या व्यक्तीचा अर्ज तिच्या नेहमीच्या निवासस्थानावरून ठरतो, शेतघरावरून नव्हे.

दुसरी बाब अभयारण्याची. २०१३ मध्ये घोषित झालेले ताम्हिणी वन्यजीव अभयारण्य या तालुक्याच्या पश्चिम भागात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपली नोंद वन्यजीव प्राधिकाऱ्याकडे करणे आवश्यक आहे. या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना देण्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. घाटमाथ्यालगत जमीन घेणाऱ्यांना ही तरतूद सहसा ठाऊक नसते आणि अर्ज रखडल्यावरच ती समजते.

बिबट्या व रानडुक्कर यांच्यापासून संरक्षण हे कारण अर्जांत नेहमी येते. हँडगन या कामाची नाही. रानडुकराला .३२ च्या गोळीने जखमी करणे म्हणजे त्याला अधिक आक्रमक करणे होय, आणि बिबट्या हा अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्याने त्याला इजा करणे हा गंभीर गुन्हा आहे. पिकांच्या रक्षणासाठी कायद्याने तोंडाकडून भरायच्या बंदुकीची वेगळी तरतूद केलेली आहे.

शहर पसरत गेल्यावर जमिनीच्या किमती वाढल्या आणि त्याबरोबर वाद व दहशतही वाढली. २०१८ चा 'मुळशी पॅटर्न' हा मराठी चित्रपट याच विषयावर होता. जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल रोखल्याची जून २०२३ मधील एक चित्रफीत जुलै २०२४ मध्ये समाजमाध्यमांवर पसरली. प्रसंग तालुक्यातील धडवली गावचा होता. पौड पोलीस ठाण्यात त्याबद्दल गुन्हा नोंद होऊन अटक झाली. स्वसंरक्षणासाठी दिलेले शस्त्र धाक दाखवण्यासाठी बाहेर काढणे हा परवान्याच्या अटींचा भंग आहे, ही गोष्ट या प्रकरणामुळे सर्वांसमोर आली. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन पूर्ण झाकलेल्या म्यानातच न्यावी लागते आणि ती उघड मिरवता येत नाही.

घराचे रक्षण

स्वतःच्या व मालमत्तेच्या खासगी संरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मालमत्तेच्या रक्षणार्थ प्राणघातक बळ वापरण्याची मुभा मोजक्याच प्रसंगी मिळते: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या काळातील घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, आणि ज्या चोरीत किंवा अतिक्रमणात मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती असते असे प्रसंग. आवश्यकतेपेक्षा जास्त इजा करण्यास हा हक्क नाही आणि पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तर तो मिळत नाही. कुंपणाची तार तोडून पळणाऱ्यावर मागून झाडलेली गोळी या चौकटीत बसत नाही. शस्त्र परवान्यावर होते किंवा माप 'साधे .३२' होते, याने त्या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही.

गोळी कोठे जाऊन थांबेल, हा मुळशीतील घरांच्या बाबतीत खास विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. विटांची किंवा दगडी भिंत .३२ ची गोळी अडवते. मात्र पत्रा, प्लायवूड, जिप्समचे पडदे आणि काच यांतून ती पार होते. शेतघरांत मुख्य घर पक्के असले तरी रखवालदाराचे कुटुंब पुष्कळदा आवारातल्याच पत्र्याच्या खोलीत राहते. .२२ ची गोळी मोकळ्यावर दीड किलोमीटरहून अधिक अंतर जाऊ शकते आणि .३२ चा पल्लाही त्याच धर्तीचा आहे. '५० मीटर' हा आकडा नेम धरण्याचा आहे, गोळी थांबण्याचा नव्हे. या दृष्टीने पाहता भारतात सक्तीने वाट्याला आलेले मध्यम माप घरातील वापरास ९ मिमीपेक्षा काहीसे कमी धोक्याचे ठरते, हा एक अनपेक्षित लाभ मानता येईल.

साठवणुकीचा पेच कायम राहतो. कुलूपबंद कपाटातले शस्त्र मध्यरात्री पटकन हाती येत नाही आणि उशाखालचे शस्त्र मुलांच्या, नोकरमाणसांच्या किंवा खचलेल्या मनःस्थितीतील घरच्या माणसाच्याही हाती पटकन येते. शस्त्र घरात असल्यास आत्महत्येचा धोका वाढतो, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. बंद शेतघरात शस्त्र ठेवून शहरात परतणे तर चोराला आमंत्रणच. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र पोलिसांकडे जमा करावे लागू शकते. त्या काळात घराचे रक्षण दारे, दिवे, कुत्रा आणि शेजारी यांच्यावरच असते.

नेमबाजीचा छंद

स्वसंरक्षणाच्या परवान्यावरील शस्त्राने स्वतःच्या शेतात बाटल्या-डबे उडवणे हा छंद नव्हे, अटींचा भंग आहे. इतरांच्या जिवाला धोका पोहोचल्यास न्याय संहितेचे कलम १२५ देखील लागू होऊ शकते. छंदाची कायदेशीर वाट नेमबाजी केंद्रातून जाते. मुळशीच्या पूर्व सीमेपासून काही किलोमीटरवर म्हाळुंगे-बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात नेमबाजीची सुविधा असून २००८ मध्ये तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या.

नवशिक्याची सुरुवात ४.५ मिमीच्या हवेच्या पिस्तुलाने होते. ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवेच्या शस्त्रास परवाना लागत नाही. विक्रेत्याला ओळखीचा पुरावा द्यावा लागतो. दहा मीटरच्या या प्रकारात नेम, श्वास व चाप यांचे सर्व शिक्षण होते आणि अनेक जण येथेच रमतात. पुढची पायरी २५ मीटर अंतरावरील .२२ पिस्तुलाची असून महिलांची २५ मीटर पिस्तूल व पुरुषांची रॅपिड फायर या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धा याच मापाने होतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते या २५ मीटर प्रकारातच. ऑलिंपिकबाहेरील पुरुषांच्या सेंटर फायर प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिमी मापे चालतात आणि बहुतेक नेमबाज .३२ चीच निवड करतात. जसपाल राणा यांचे २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतील विश्वविक्रमाची बरोबरी करणारे ५९० गुण या प्रकारातील होते.

स्पर्धेचे .३२ पिस्तूल आणि रक्षणाचे .३२ रिव्हॉल्व्हर ही एका कुळातली असली तरी वेगळी शस्त्रे आहेत. स्पर्धेच्या शस्त्राची मूठ हाताला कोरून बसवलेली, चाप अतिशय हलका आणि आकार बोजड असतो. तरीही .२२ वर केलेला सराव .३२ ला उपयोगी पडतो, उलट .३२ वरच शिकू पाहणाऱ्याला काडतुसांची किंमत आणि परवान्यावर लिहिलेली वार्षिक मर्यादा आड येते.

पावसाळा आणि देखभाल

मुळशीचा पश्चिम भाग राज्यातील अतिवृष्टीच्या प्रदेशात मोडतो. जून ते सप्टेंबर या काळात काळसर मुलामा दिलेल्या पोलादावर दोन-तीन दिवसांतही गंज धरतो. चामड्याचे म्यान ओल शोषून घेते, म्हणून शस्त्र त्यात दीर्घकाळ ठेवू नये. तेलाचा अतिरेकही वाईट: काडतुसाच्या बुडाशी तेल झिरपल्यास ठिणगीची दारू निकामी होऊ शकते. काडतुसे हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुडीसह, शस्त्रापासून वेगळी ठेवतात. हिरवट डाग पडलेली किंवा गेल्या पिढीची काडतुसे वापरू नयेत. ती अधिकृत विक्रेत्याकडे वा पोलीस ठाण्यात जमा करावीत.

वारसा

पुष्कळांच्या बाबतीत कॅलिबर निवडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण शस्त्र वारशाने येते. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, तसेच त्याचे वय ७० वर्षे झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असल्यास, कायदेशीर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. मृत्यूनंतर कुटुंबाने शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक आहे. दुखवट्याच्या दिवसांत हे राहून जाते आणि तोपर्यंत घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्ती विनापरवाना शस्त्र बाळगल्याच्या आरोपास पात्र होऊ शकते. २०१९ नंतर अशा गुन्ह्यास किमान दोन व कमाल पाच वर्षे कैदेची शिक्षा आहे. वारसाकडे आधीच दोन शस्त्रे असल्यास त्याला एक सोडावे लागते. जुने वेब्ली किंवा ब्राउनिंग घराण्याची आठवण म्हणून ठेवायचे असल्यास ते परवान्यावरील दोनांपैकी एक म्हणूनच ठेवता येते.